भरमूअण्णाचं नाक

वखारीत बोदांवर, म्हणजे तंबाखूच्या मोठ्या पोत्यांवर, नंबर घालण्यापलीकडे मी आयुष्यात फारसं काही लिहिलेलं नाही. हेही जमेल असं वाटत नाही. पण भरमूअण्णाबद्दल दुसरं कोणी लिहिणार नाही, म्हणून बसलो आहे.

निपाणीतल्या एका तंबाखूच्या वखारीत आम्ही दोघं होतो. त्याचं काम वास घेण्याचं. बोदात कोपरापर्यंत हात घालून आतली मूठभर तंबाखू काढायची, नाकाशी धरायची आणि प्रत सांगायची. त्यानं सांगितलं की व्यापारी पुन्हा विचारत नसे. त्या नाकासाठी त्याच्या घरात वासाचा साबण नव्हता, उदबत्ती नव्हती. त्याची बायको यल्लव्वा, सवाष्ण बाई, पण तिनं कधी गजरा माळला नाही. हळदीकुंकवात मिळालेला गजरा ती दारातल्या तुळशीला घालून मगच आत यायची.

त्याला स्वतःला उग्र वास आवडायचे. ओली तंबाखू, लसणाची फोडणी. अत्तर लावलेला माणूस शेजारी बसला तर तो उठून जायचा.

बहात्तराव्या वर्षीही तो कामावर येत होता. त्या संक्रांतीला सून रूपाली बेळगावहून आली आणि परत जाताना तिची सेंटची बाटली मोरीच्या फळीवर विसरली. अण्णा ती बाहेर कट्ट्यावर ठेवायला गेला. टोपण सैल होतं, थेंबभर बोटाला लागलं.

"दिवसभर बोट हुंगत बसलतो," चोरी कबूल करावी तसं त्यानं मला सांगितलं. "जुई हाय रं. पर लई बारीक. शेजारच्या परड्यातनं यावी तशी. शोधायला लागती."

मग तो रोज रुमालाला एक थेंब लावून यायला लागला. मला कळत होतं. बोलायचं धाडस झालं नाही.

एका सकाळी बाहेरगावचा व्यापारी आला. अण्णानं मूठ नाकाशी धरली. पुन्हा धरली. दुसरा बोद, तिसरा बोद, तरी प्रत सांगेना.

"अण्णा, पडसं झालंय व्हय?" मालक परशराम म्हणाला.

"पडसं न्हाय. जुईच येतीया."

"म्हातारपणी कुठली जुई ओ अण्णा?" हमाल हसले.

परशराम हसला नाही. "उद्या सगळं धुऊन या. न्हायतर मला दुसरं नाक बघाय लागंल."

संध्याकाळी मी त्याला घरापर्यंत पोचवायला गेलो. वाटेत तो दोनदा टेकला. बाजारात त्यानं एक गजरा घेतला आणि घरी जाऊन यल्लव्वापुढं धरला.

"आता व्हय?" ती म्हणाली. "केस कुठं ऱ्हायल्यात माळायला? सुपारीएवढा अंबाडा."

"मग?"

"तुळशीला घालते. सवय हाय तिला."

गजरा घालून ती आली तोवर अण्णा उंबऱ्यावर बसला होता. त्यानं खिशातली बाटली काढून तिच्या पदराच्या टोकाला थेंब लावला. तिनं पदर नाकाशी नेला.

"काय बी येत न्हाय."

"थांब जरा. उशिरानं येतीया."

ती थांबली. मग माझ्याकडं बघून तिनं तोंडाला पदर लावला, आणि तो बराच वेळ काढला नाही.

"उद्याचं काय, अण्णा?" मी विचारलं.

"धुवायचं न्हाय मला. दमलो रं. दुसरं नाक बघ म्हणून परशरामाला तूच सांग."

दुसऱ्या दिवशी मी परशरामाला सांगितलं. एवढंसं बोलायला मला दुपार झाली.