कपाटवालीचा श्रोता

दिवसभर चष्म्याच्या दुकानात काम आणि घरी आलं की कपाटात बसून गाणं, असं तिचं चाललं होतं. कपाट म्हणजे खरोखरचंच कपाट. आत्याच्या घरातलं, भिंतीत बसवलेलं, एक माणूस मांडी घालून मावेल एवढं. आत रजया टांगल्या की आवाज घुमत नाही, हा शोध तिचाच. आत्याची तक्रार एवढीच, "अगं, मग कपडे ठेवायचे कुठे? माझ्या डोक्यावर?" आत्या पडदे शिवायची. आईबाप गेल्यावर हिला तिनेच वाढवलं.

शब्द हिचे, चाल हिची, गिटार हिचीच. रेकॉर्डिंग करायचं, आवाज नीट बसवायचा, गाणं इंटरनेटवर टाकायचं आणि मग ते कोणीतरी ऐकावं म्हणून रोज छोटे व्हिडिओ करायचे, हेही सगळं एकटीने. चेहरा दाखवायची लाज वाटे, म्हणून व्हिडिओत नुसते हात, गिटार आणि मागे रजई. लोकांनीच तिचं नाव 'कपाटवाली' ठेवून टाकलं. ऐकणारे हळूहळू वाढत होते. कुणी कौतुक केलं की ती डबा खाता खाता उत्तर लिहायची.

असाच एकाचा निरोप आला. 'कालच्या गाण्यात दुसऱ्या कडव्याआधी लिफ्टचं दार वाजलं. जाळीचं दार. छान वाटलं.'

तिला आनंदच झाला. इतकं कान देऊन ऐकणारा माणूस! तिने आभार मानले.

पुढे त्याने लिहिलं, की मागे शाळेची घंटाही ऐकू येते, म्हणजे शाळा जवळच असणार. याला तिने उत्तर दिलं नाही. मग एका दुपारी दुकानात असताना फोन वाजला. 'निळा पडदा का काढला? हिरवा शोभत नाही.'

हिरवा पडदा आत्याने त्याच दिवशी सकाळी खिडकीला लावला होता.

त्यानंतर तिची झोप उडाली. घरी येताना ती दर थोड्या अंतरावर मागे वळून बघे. दाराची कडी लावली तरी पुन्हा जाऊन ओढून बघे. आणि दुकानात तर सुटकाच नव्हती. चष्म्याचं माप घ्यायचं म्हणजे गिऱ्हाइकाच्या अगदी समोर बसायचं, पट्टी त्याच्या नाकावर धरायची आणि दोन बुबुळांमधलं अंतर मोजायचं. इतक्या जवळून अनोळखी माणसाच्या डोळ्यांत बघताना तिच्या मनात एकच येई, हाच असेल तर? एक जण सहज म्हणाला, "तुमचा आवाज कुठेतरी ऐकल्यासारखा वाटतो हो," आणि ती पट्टी टाकून आतल्या खोलीत पळाली. बिचाऱ्याला काही कळेना.

शेवटी तिने आत्याला फोन दाखवला. आत्याने सगळं वाचलं, उठून खिडकी लावली आणि म्हणाली, "चप्पल घाल. पोलिसांकडे जायचंय."

ठाण्यात एक पोलीस बाई बसल्या होत्या. "धमकी दिलीय का त्याने?"

"नाही."

"काही मागितलंय?"

"नाही, मॅडम."

"मग मी तक्रारीत लिहू काय? पडदा आवडला नाही म्हणून?"

आत्या भडकली. "अहो, तो माणूस आमच्या खिडकीखाली उभा राहतो! अजून काय व्हायचं बाकी आहे?"

बाईंनी फोन पुन्हा मागून घेतला आणि शेवटचा निरोप वाचला. 'शनिवारी संध्याकाळी येतोय. आता समोरासमोर ऐकेन.'

"शनिवारी काय आहे?"

शनिवारी तिचा पहिला जाहीर कार्यक्रम होता. एका पुस्तकांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत. जाहिरातीचे कागद तिने स्वतः भिंतीभिंतींवर चिकटवले होते.

"रद्द करते मी," ती म्हणाली.

"तुम्ही ठरवा. करणार असाल तर मी येते, साध्या कपड्यांत. पण तो कोण, हे मलाही ठाऊक नाही."

रद्द केलं तर तो पुन्हा खिडकीखालीच येणार, हे तिला कळत होतं. ती गेली.

खोली भरली. दिवे मालवले, एकच दिवा तिच्या तोंडावर. समोर नुसता काळोख. काळोखातून खुर्च्यांची करकर, कुणाचं तरी खाकरणं. तिने तारा छेडल्या, पहिली ओळ गायली आणि दुसरी आठवेना. बोटं घामाने घसरू लागली. कुणीतरी धीर द्यायला टाळ्या वाजवल्या, त्यानेही ती दचकली.

मग तिने गिटार खाली ठेवली, फोन काढला आणि ते सगळे निरोप एकामागून एक वाचून दाखवले. "हा माणूस इथे आहे," ती म्हणाली. "दिवे लावा. कृपा करून सगळे दिवे लावा."

दिवे लागले. लोक गडबडून इकडे तिकडे, एकमेकांकडे बघू लागले. फक्त एक जण कुणाकडेच बघत नव्हता. तिच्याकडे बघत होता. नीट भांग पाडलेला, इस्त्रीच्या शर्टातला, शेजारच्या काकांसारखा दिसणारा माणूस.

"मी तुमच्या भल्यासाठीच सांगत होतो," तो शांतपणे म्हणाला.

पोलीस बाई उठल्या आणि त्याला बाहेर घेऊन गेल्या. तो जुन्या लिफ्ट दुरुस्त करायचा. दाराच्या आवाजावरून त्याने इमारत शोधून काढली होती. तिच्या मजल्यावर तो दोनदा येऊन गेला होता, दारासमोर उभा राहून परत फिरला होता.

पुन्हा तिच्या वाटेला जाणार नाही, असं त्याच्याकडून लिहून घेतलं. कामावरून त्याला काढलं. त्याहून जास्त काही झालं नाही. तो याच गावात राहतो.

आत्या आणि ती दुसऱ्या घरात राहायला गेल्या. कित्येक दिवस तिने गिटारला हात लावला नाही. मग एकदा लावला. आता ती गाणं टाकण्याआधी कानाला हेडफोन लावून पुन्हा पुन्हा ऐकते आणि मागचा प्रत्येक आवाज पुसून काढते. गाणी स्वच्छ झालीत, पण थोडी मुकी झालीत, असं तिलाच वाटतं.

कार्यक्रम मात्र ती करते. तिची अट एकच असते. आयोजक कुरकुरतात, वातावरण बनत नाही म्हणतात. ती ऐकत नाही. समोरचे सगळे दिवे चालू असतात, आणि पहिला सूर लावण्याआधी ती एकेका चेहऱ्याकडे बघून घेते.