हाय-स्पीड मोटरला नाही म्हणणारा दिवाकर

दिवाकर गेल्याचं मला त्याच्या घरून कळण्याआधी मोबाइलवर कळलं. शेतकऱ्यांना अवजारं वाटणाऱ्या एका संस्थेने श्रद्धांजलीचं चित्र करून सगळीकडे पाठवलं होतं. वर अध्यक्ष हात जोडून उभे, शेजारी सचिव, खाली अख्खी कार्यकारिणी आणि एका कोपऱ्यात, फुलांच्या माळेत दिवाकर. घाईत पाहणाऱ्याला नेमकं कोण गेलं ते समजलं नसतं. मी शालिनीवहिनींना फोन लावला. "हो भाऊजी... सकाळी चहा घेता घेता," एवढंच त्या बोलल्या. त्याला आता दीडेक महिना झाला. या वयात मित्र जातात, हे मी मान्य केलेलं आहे. पण त्याच्या मरणाचा जो उपयोग चालला आहे, तो मान्य करायला मी तयार नाही.

दिग्रसच्या शाळेत आम्ही एका बाकावर होतो. पुढे मी कचेरीत गेलो आणि तो पॉलिटेक्निकमध्ये यंत्रं शिकवू लागला. घरची शेती धाकटा भाऊ रमेश पाहायचा. एका हंगामात कपाशीवर फवारणी करून रमेश घरी आला तो भिंत धरत, कारण त्याला समोरचं दिसेना. दवाखान्यात बरेच दिवस काढून तो वाचला. कोणी औषधाला दोष दिला, कोणी तोंडाला रुमाल न बांधणाऱ्या रमेशला. दिवाकरने भलतंच विचारलं, "थेंब केवढा होता?" फार बारीक थेंब पानावर बसत नाही, वाऱ्यावर तरंगतो आणि फवारणाऱ्याच्या नाकातोंडात जातो. दिवाकरच्या डोक्यात जो पंप होता, त्यात एका फिरत्या चकतीने औषधाचे थेंब उडायचे आणि ती चकती फिरवायची होती अंगठ्याएवढी मोटर. म्हणजे भावाचा श्वास कोणती मोटर निवडायची यावर अडला होता.

मग त्याच्या घरातली मागची खोली मोटरींनी भरत गेली. खेळण्यातल्या गाडीची, जुन्या टेपरेकॉर्डरची, केस वाळवायच्या यंत्रातली, ड्रोनची. टेपरेकॉर्डरची मोटर सभ्य होती, पण हळू. थेंब इतके मोठे पडायचे की पानावरून घरंगळायचे. ड्रोनची लावली की नुसतं धुकं. मी एकदा म्हणालो, सगळ्यात वेगाची घे आणि मोकळा हो. तर माझ्यावरच उखडला. "वेग पाह्यजे, पण पाह्यजे तेवढाच. अन् चकतीचा भार पडला, बॅटरी उतरली, तरी तेवढाच राह्यला पाह्यजे. कागदावरचा वेग काय चाटायचा हाय बे?" त्याची परीक्षाही साधी होती. पाण्यात कपड्याची नीळ कालवायची, पांढरा शर्ट घालून कपाशीत फवारत फिरायचं आणि मग अंगणात येऊन कॉलर पाहायची. कॉलर निळी तर मोटर नापास. वहिनी कपाळावर हात मारायच्या. "लग्नातही एवढे शर्ट नाही घेतले यायनं! धोब्याले काय सांगू, बुवा होळी खेळून राह्यला म्हणून?" अखेर एक मधल्या वेगाची, दिसायला अगदीच बापुडी मोटर सापडली. त्या दिवशी पानं खालूनही निळी आणि कॉलर पांढरी. पहिला पंप त्याने रमेशच्या पाठीवर चढवला आणि स्वतः बांधावर बसून राहिला... मला वाटतं, रमेश भिंत धरत आला तो हंगाम आणि हा, दोन्ही तो एकदमच पाहत होता.

मग ती संस्था आली. हा पंप आम्ही बनवू आणि गावोगाव वाटू, म्हणाली. लोकार्पणाच्या आदल्या दिवशी अध्यक्षांनी पंप चालवून पाहिला आणि त्यांचा चेहरा पडला. "सर, स्टेजवर काही दिसूनच नाही राह्यलं. लोकायले वाटलं तं पाह्यजे ना!" दिवाकर म्हणाला, "वाटाले कायले पाह्यजे? त्यायच्या नाकात जाले नाही पाह्यजे, बस." दुसऱ्या दिवशी पंपात परस्पर दुसरी मोटर बसवलेली होती आणि फलकावर लिहिलं होतं 'हाय-स्पीड'. दिव्यांच्या झोतात ते धुकं असं वर चढलं, की आता यातून नवरदेव-नवरी बाहेर येतील असं वाटावं. टाळ्या पडल्या. दिवाकर उठला, मंचावर चढला आणि त्याने मोटरीची वायर उपटली. बॅटरी उतरली असावी असं लोकांना वाटलं. पंपाशी माझा संबंध नाही, असं सांगून तो हॉलबाहेर पडला. तेव्हापासून संस्थेत त्याचा उल्लेख 'हट्टी माणूस' असा होत असे. मेल्यावर तो 'द्रष्टा' झाला.

हा बदल शोकसभेत जाहीर झाला. पंपाला दिवाकरचं नाव देऊन येत्या फवारणीच्या आत तो वाटणार, असं अध्यक्षांनी सांगितलं. मी उभा राहून विचारलं, "मोटर कोणती?" सचिव हळूच म्हणाले, "काका, आज नका ना." मग शाल देण्यासाठी वहिनींना पुढे बोलावलं. त्यांनी शाल घेतली, घडी मोडली नाही, तशीच खुर्चीवर ठेवली. "नाव त्यायचं देता तं मोटरबी त्यायची टाका. नाही टाकत तं नाव घेऊ नका." वहिनी फार भावुक झाल्या आहेत, असं अध्यक्षांनी माइकवरून सांगितलं. मी त्या बाईला इतकं थंड कधी पाहिलं नव्हतं.

नाव दिलंच. मोटरही तीच वेगाची ठेवली. पंप गावांत पोचू लागलेत, म्हणून हा लेख. ज्यांच्या घरी माझ्या मित्राच्या नावाचा पंप आला असेल त्यांनी तो चालू करू नये, दिग्रसला घेऊन यावा. दिवाकरची मागची खोली उघडी असते. त्याने निवडलेल्या मोटरींचं खोकं संस्थेने परत पाठवलं होतं, ते तिथेच आहे. रमेश मोटर बदलून देतो. त्याआधी वहिनी पंप मांडीवर घेतात आणि वरचं नाव सुरीने खरवडून काढतात, शांतपणे, एकेक अक्षर. मोटर बसली, चकती बेताच्या वेगाने फिरू लागली, की त्या ब्रश रंगात बुडवतात आणि आणणाऱ्याला विचारतात, "आता टाकू यायचं नाव?"