ओल्या लाकडांचा धूर

रायलीच्या हातचं वाटाण्याचं सूप न खाल्लेला माणूस आमच्या गावात शोधूनही सापडायचा नाही. शाळेच्या स्वयंपाकघरात तिची उभी हयात गेली. दर गुरुवारी सूप आणि वर पॅनकेक. कुणी ताटात सूप उरवलं की तिचा आवाज यायचा, "कुणासाठी ठेवलंस रे, सरपंचासाठी?" पुढे त्या पोरांतलाच एक जण खरोखर सरपंच झाला, पण अजूनही तिच्यासमोर तो ताट चाटूनपुसून साफ करतो.

दुसरी तिची ख्याती रक्ताची. चर्चच्या सभागृहात रक्तदानाचा दिवस असला की पहिली खुर्ची रायलीची. रक्त देऊन झालं की ती कॉफीच्या टेबलामागे उभी राहायची आणि बाकीच्यांना सँडविच वाढायची. "माझ्यात विहीर आहे, उपसा हवं तेवढं," असं ती नर्सला म्हणायची, आणि नर्सलाही ते खरं वाटायचं.

त्यामुळे तिच्या भावाला, एन्सिओला, रक्ताचा कॅन्सर झाला आणि डॉक्टरांनी नव्या अस्थिमज्जेचं नाव काढलं, तेव्हा कुणी फारसं घाबरलं नाही. सख्खी बहीण होती. तपासणीत तिची मज्जा त्याच्याशी तंतोतंत जुळली. एन्सिओ म्हणाला, "मज्जा घेतो, पण तिची जीभ सोबत येणार असेल तर नको." रायली म्हणाली, "जीभ वेगळी मिळते, तिचे पैसे पडतात." दोघं हसली. भावाबहिणीचं हे बोलणं म्हणजे त्यांच्या दृष्टीने गळ्यात गळा घालून रडण्यासारखंच होतं.

मग डॉक्टरीणबाईंनी तिला एकटीला बोलावलं.

पेल्टोला म्हणून तरुण बाई होत्या, शब्द तोलून बोलणाऱ्या. "प्रत्येक पेशीत बारक्या बारक्या भट्ट्या असतात," त्या म्हणाल्या. "मायटोकाँड्रिया म्हणतात त्यांना. पेशीला लागणारी शक्ती तिथे तयार होते. त्यांचा स्वतःचा वेगळा डीएनए असतो, तो फक्त आईकडून येतो. तुमच्या रक्तातल्या बऱ्याच पेशींत तो बिघडलेला दिसतोय."

"आईकडून बिघडलेला आला?"

"नाही, आईने चांगलाच दिला होता. हे नंतर झालंय, तुमच्याच अंगात. वयाने होतं. सिगारेटने होतं. कधी कधी काही कारण नसताना होतं."

रायलीला शाळेमागचा कचऱ्याचा डबा आठवला, त्याच्या आडोशाला उभं राहून ओढलेल्या सगळ्या सिगारेटी आठवल्या.

"त्याच पेशींत दुसराही एक बिघाड सापडलाय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दोन्ही एकत्र असले की पुढे रक्ताचा कॅन्सर होण्याचा धोका वाढतो. आज तुम्हाला तो नाही. कदाचित कधीच होणार नाही. तुमच्यापुरतं नेमकं कुणीच सांगू शकणार नाही. आपण अधूनमधून रक्त तपासत राहू. पण ही मज्जा एन्सिओंना देणं बरोबर नाही. आणि आता रक्तदानही नको."

"मग त्याचं काय?"

"जर्मनीतला एक दाता आहे. थोडा कमी जुळतो. तुमचं कारण एन्सिओंना तुमच्या परवानगीशिवाय आम्ही सांगू शकत नाही. सांगू का?"

"नको," रायली म्हणाली.

का नको, हे तिला तरी कुठे धड माहीत होतं? एन्सिओच्या डोक्याला आधीच कमी का ताप होता? आणि त्या घराची रीतही तशीच. त्यांच्या वडिलांनी मोडलेल्या खांद्याने अख्खी गवतकापणी उरकली आणि सांगितलं नाताळात, तेही हॅम कापायला सुरी नीट धरता येईना म्हणून. अशा माणसाच्या मुलीने परवानगी देणं शक्यच नव्हतं. ती बसने परत आली, भांडी घासली, झोपली. रडू येईल असं तिला वाटत होतं, ते आलं नाही. राग आला नाही, भीतीही नाही. आत काहीतरी बंद पडल्यागत झालं होतं. सूप ढवळताना हात भांड्याच्या कडेला भाजला, तेव्हा कातडीवर फोड आलेला बघूनच तिला कळलं.

एन्सिओला एवढंच समजलं की बहिणीची मज्जा चालणार नाही. कारण कुणी सांगितलं नाही, आणि त्याने विचारलं नाही. आमच्याकडे न विचारणं म्हणजे आदर. गावाने मात्र आपलं आपण ठरवून टाकलं. परक्यांना बाटल्याच्या बाटल्या रक्त देणाऱ्या बाईने सख्ख्या भावाच्या वेळी कच खाल्ली. एन्सिओची बायको कैसू दुकानात समोर आली की दह्याच्या डब्यांकडे बघत उभी राहायची.

आणि मग आला शनिवार.

एन्सिओचा सॉना, म्हणजे तापल्या दगडांवर पाणी टाकून वाफ घ्यायची लाकडी खोली, तळ्याच्या पलीकडच्या काठावर आहे, रायलीचं घर या बाजूला. सॉनाला या म्हणून आमच्याकडे कुणी कुणाला फोन करत नाही. शनिवारी दुपारी धूर दिसला की टॉवेल उचलायचा आणि निघायचं. नवरा सोडून गेला त्या शनिवारीसुद्धा रायली गेली होती, आणि एन्सिओने दगडांवर पाणी टाकत एकच प्रश्न केला होता, "गाडी तुझ्याकडेच राहिली ना?"

आज पलीकडून धूर निघाला. रायलीने टॉवेल घेतला, दारापर्यंत गेली. तिच्या मनात आलं, तो स्वतःसाठी पेटवत असेल. आपण समोर बसलो तर बिचाऱ्याला बोलावं लागेल. तिने टॉवेल खुंटीला परत लावला आणि शॉवरखाली अंघोळ केली.

पुढच्या शनिवारी धूर निघाला. त्याच्या पुढच्याही. हा धूर दाट होता, काळपट, तळ्यावर लोळत येणारा. तिला ते विचित्र वाटलं. एन्सिओ हाडाचा सुतार. बर्चची लाकडं दोन दोन उन्हाळे वाळवल्याशिवाय तो चुलीजवळ आणायचा नाही, आणि ओली लाकडं जाळणाऱ्या माणसाला तो माणसांत धरायचा नाही. आता ओली जाळतोय, म्हणजे हातात ताकद उरली नाही, असं तिने मानलं. त्याचंही तिला काही वाटलं नाही. वाटायला हवं, हे कळत होतं, तेवढंच.

शरद ऋतूतला रक्तदानाचा दिवस आला. रायली नेहमीसारखी कॉफीच्या टेबलामागे उभी होती. "आज विहीर बंद?" कुणीतरी विचारलं. "लोह कमी भरलंय," ती म्हणाली आणि कपात कॉफी ओतली.

इतक्यात पडद्यामागून कैसू बाहेर आली. लशीची सुई बघूनही चक्कर येणारी ही बाई आज रक्त देऊन आली होती. चेहरा पांढराफटक. ती रायलीसमोरच्या खुर्चीत धपकन बसली.

"तू? तू रक्त दिलंस?" रायलीच्या तोंडून गेलं.

"तो दर आठवड्याला कुणाकुणाच्या पिशव्या लावून घेतोय. घरातून एक तरी जायला नको?" कैसूने टेबलाची कड धरली. "साखर घाल. आणखी घाल. रायली, तू किती दिवस त्याला शिक्षा करणार आहेस?"

"मी? मी कुठे शिक्षा करतेय?"

"मग शनिवारी येत का नाहीस? दर शनिवारी तो पेटवतो. सकाळपासून लागतो त्या कामाला. दोन ओंडके नेले की बसतो धापा टाकत. मी करते म्हटलं तर ऐकत नाही."

"त्याला सॉना हवा असेल, त्यात मी..."

"अगं बाई, त्याला सॉना बंद आहे! डॉक्टरांनी केव्हाच बंद केलाय. बाहेर बाकावर बसतो कोट घालून. आणि मला ती धग सोसत नाही, हे तुला माझ्या लग्नापासून माहीत आहे. मग कुणासाठी पेटवतोय तो?"

रायलीने कॉफीचं भांडं खाली ठेवलं. कप भरून वाहायला लागला होता.

त्या शनिवारी धूर दिसल्या दिसल्या ती निघाली. तळ्याला वळसा घालून पोचली तेव्हा एन्सिओ बाकावर बसला होता. लोकरीची टोपी भुवयांपर्यंत ओढलेली, कोटात माणूस कमी आणि कोटच जास्त.

"उशीर केलास," तो म्हणाला.

"बस नव्हती."

"बसने कधीपासून यायला लागलीस?" त्याने दाराकडे मान हलवली. "जा. दगड तापलेत."

ती आत जाऊन वरच्या फळीवर बसली. पाणी टाकलं, वाफ उठली. अंगाला काहीच जाणवेना. भिंतीपलीकडे बाकावर तो हलल्याचा आवाज आला. पातळ फळ्यांची भिंत, बोलणं सहज ऐकू यायचं.

"धग आहे ना?" त्याने विचारलं.

"लाकडं ओली आहेत तुझी."

"मुद्दाम ओली घातलीत." तो थोडा खोकला. "कोरड्याचा धूर तुझ्या खिडकीतून कुठला दिसायला?"

पाणी घ्यायचा लाकडी डाव रायलीच्या हातात तसाच राहिला.

"तू घाबरली असशील, असं मी कैसूला सांगितलं होतं," भिंतीपलीकडून आवाज आला. "घाबरली तर घाबरू दे म्हटलं. मीही घाबरलोच आहे. पण त्यासाठी शनिवार कशाला सोडायचा?"

"मी घाबरले नव्हते." तिने डाव खाली ठेवला. "माझंही रक्त बिघडलंय, एन्सिओ. मला कॅन्सर नाही अजून. होऊ शकतो. तुला दिलं असतं तर तुझ्यात ते रुजलं असतं. म्हणून त्यांनी घेतलं नाही."

मग दार करकरलं. दार अर्धवट उघडून तो उंबऱ्यावरच उभा राहिला, आत यायची मनाई पाळत.

"आणि हे तू पोटात घेऊन हिंडत होतीस?"

"तुला कशाला आणखी."

"बाबांची लेक," तो म्हणाला. "नाताळापर्यंत थांबणार होतीस की काय?"

त्याने वाकून डाव उचलला, उंबऱ्यावरूनच बादलीतलं पाणी घेतलं आणि दगडांवर फेकलं. वाफेचा लोट वर आला आणि रायलीच्या कानांना, खांद्यांना, हातावरच्या जुन्या फोडाला असा चटका बसला की ती ओरडलीच. मग तिला रडू फुटलं. तो तिथेच उभा राहून तळ्याकडे बघत राहिला. तिचं रडून होईपर्यंत त्याने दार लावलं नाही, त्यामुळे सगळी वाफ बाहेर गेली.

"मंगळवारी हेलसिंकीला नेतायत," तो शेवटी म्हणाला. "जर्मनाची मज्जा घालणार. महिना दोन महिने तरी तिकडेच. कदाचित..." ते वाक्य त्याने सोडून दिलं. "शनिवारी तू पेटवत जा. कैसूला जमत नाही."

"लाकडं कुठली घालू?"

"शेडमध्ये डावीकडे कोरडी आहेत, उजवीकडे ओली."

"कुठली घालू ते सांग ना."

"ओली घाल," एन्सिओ म्हणाला. "मला तिकडून दिसायला नको?"