डुलकी लागेपर्यंत

खुर्च्यांच्या त्या कारखान्यात जेवणानंतर मालकाने झोपायचं, असा रिवाज होता. आळस म्हणून नव्हे, काम म्हणून. म्हातारे मालक प्रत्येक नव्या खुर्चीत बसत, हात पोटावर ठेवत आणि डोळे मिटत. डुलकी लागली की मिस्त्री वाकून बैठकीखाली खडूने एक गोल काढायचे. खुर्ची पास. नाही लागली, तर ती खोलून पुन्हा करायची. दिवसाला दोन-तीन खुर्च्या जेमतेम बाहेर पडत, पण ज्या घरी गेल्या तिथे त्या अजून आहेत.

मग कारखाना सुनेकडे आला. मालकांच्या मुलाला लाकडाच्या भुशाने शिंका येतात, म्हणून तो शाळेत भूगोल शिकवतो आणि सुखात आहे. सुनेकडे व्यवस्थापनाची पदवी होती. सगळे कारागीर तिला वहिनी म्हणतात, तर आपणही वहिनीच म्हणू.

वहिनींनी पहिल्याच आठवड्यात डुलकीचं खूळ बंद केलं आणि सोळा रकान्यांचा एक फॉर्म आणला. पाय सम आहेत, टिक. सांधे घट्ट आहेत, टिक. दिवसाला तीस खुर्च्या होऊ लागल्या. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. तीस खुर्च्यांत झोपायचं तर कुंभकर्णच नोकरीला ठेवावा लागला असता. फक्त त्यानंतरच्या नऊ वर्षांत वहिनींची स्वतःची झोप कुठे गेली, याचा रकाना फॉर्मवर नव्हता.

आणि एके सकाळी वाचनालयाचं पत्र आलं. तिथे साठ खुर्च्या दिल्या होत्या. तक्रार मोडतोडीची नव्हती. ग्रंथपालबाईंनी लिहिलं होतं, 'आमच्याकडे लोक संध्याकाळपर्यंत वाचत बसायचे. तुमच्या खुर्च्या आल्यापासून अर्ध्या तासात उठून जातात. दोन महिन्यांत काही इलाज करा, नाहीतर खुर्च्या घेऊन जा.'

वहिनींनी साठही फॉर्म काढले. प्रत्येकावर सोळाही रकान्यांत टिक. साठ खुर्च्या परत आल्याने कारखाना काही बुडणार नव्हता, पण आपल्या खुर्चीत माणसाला बसवत नाही, हे त्यांना फार लागलं. खुर्चीने दुसरं करायचं तरी काय असतं? त्या पत्र घेऊन मिस्त्रींपुढे उभ्या राहिल्या.

"काय चुकलंय, मिस्त्री?"

"पाठीचा कल. दोन बोटं सरळ केलात ना, ट्रकमध्ये जास्त मावाव्यात म्हणून."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"फॉर्मवर रकाना नव्हता," मिस्त्री म्हणाले. रागाने नव्हे, आपलं जे होतं ते सांगितलं.

"ठीक आहे. परत दोन बोटं कलवा."

"दोन की अडीच, ते बसल्यावर कळणार. आता लाकूड वेगळं, बैठक वेगळी. बसणारं माणूस कुठंय?"

वहिनींनी सासऱ्यांना आणलं. दोन बोटं कलवलेल्या खुर्चीत ते आनंदाने बसले आणि क्षणात झोपले. मग चुकीच्या कलाच्या खुर्चीत बसवलं, तिथेही झोपले. शेवटी एका पालथ्या खोक्यावर टेकले आणि घोरू लागले. जागे झाल्यावर स्वतःच हसले.

"मला नका विचारू. माझी झोप आता वयाची आहे, खुर्चीची नाही. तू बस."

"मला दुपारी झोप येत नाही, बाबा."

"येत होती. लग्नानंतर चौथ्या दिवशी माझा डबा घेऊन आलीस, त्या खिडकीपाशी एका नव्या खुर्चीत टेकलीस आणि डबा मांडीवर धरून झोपलीस. मी करवत थांबवली. डबा तुझ्या मांडीवर, म्हणून तासभर उपाशी बसलो. त्या खुर्चीवर खूण तुझ्या झोपेची आहे. तेव्हाच ठरवलं, कारखाना हिला द्यायचा."

नऊ वर्षं वहिनी समजत होत्या की कारखाना पदवीला मिळाला. त्यांचे डोळे भरून आले. पदर डोळ्यांना लावून त्या बसल्या.

पहिल्या दिवशी ट्रक आठवत राहिला, दुसऱ्या दिवशी फोन. तिसऱ्या दिवशी मिस्त्रींनी हात पुढे केला, "घड्याळ द्या इकडे," आणि ते खिशात टाकलं. रोज ते वाचनालयातून आणलेल्या एका खुर्चीच्या पाठीचा कल केसभर बदलायचे आणि वहिनी डोळे मिटून बसायच्या. कधी मान अवघडायची, कधी गुडघ्यांना रग लागायची. आधी ही कुरकुर त्यांना आपलीच वाटे. हळूहळू त्यांना कुठली आपली आणि कुठली खुर्चीची, ते कळायला लागलं.

अठराव्या दुपारी छताच्या काचेतून ऊन उतरलं होतं. त्यात भुसा तरंगत होता, खाली यायचं विसरल्यासारखा. रंध्याचा आवाज दूर गेला, पलीकडच्या गावात कुणीतरी लाकूड तासत असावं इतका दूर. वहिनींच्या मांडीवर डबा होता, ऊबदार. तो सासऱ्यांचा होता की कुणाचा, ते त्यांना आठवेना आणि आठवायची घाईही नव्हती. वाचनालयात साठ माणसं पानं उलटत होती, आणि एकही उठत नव्हतं. पाठीला कुणीतरी हात दिला होता. त्या हातावर सगळा भार सोडून द्यावा असं त्यांना वाटलं, आणि त्यांनी तो सोडला.

जाग आली तेव्हा ऊन भिंतीवर चढलं होतं. करवत बंद होती, रंधे बंद होते. बाराही कारागीर भिंतीला टेकून गप्प बसले होते, दोघे तर चक्क पेंगत होते. मिस्त्री गुडघ्यांवरून उठले. त्यांच्या बोटांना खडू लागला होता.

"आज किती झाल्या?" वहिनींनी सवयीने विचारलं.

"एक."

वहिनींनी खुर्ची उलटी करून तो गोल पाहिला. बराच वाकडा होता.

"उरलेल्या एकोणसाठ?"

"त्यातही तुम्हालाच झोपायचंय," मिस्त्री म्हणाले आणि खिशातून घड्याळ काढून पुढे केलं.

वहिनी खुर्ची सरळ करून पुन्हा तिच्यात बसल्या. "राहू दे तुमच्याकडेच," त्या म्हणाल्या.