पाकाची पळी

आमच्या शेजारच्या मार्थाबाई नाताळासाठी घरीच द्राक्षांची वाइन करतात. आंबवून गाळलेल्या रसात साखरेचा पाक थोडाथोडा मिसळायचा आणि त्यांचे यजमान पीटर यांनी चाखून "पुरे" म्हणायचे, हा त्या घरचा परिपाठ. मार्थाबाईंना स्वतःला गोड रुचत नसे. "यांची जीभ मुंगीची," असे त्या कुंपणाशी हसून सांगत.

पीटर गेल्या पावसाळ्यात निवर्तले. आज मार्थाबाई ओसरीवर बरणीपुढे एकट्याच होत्या. एक पळी पाक घालून त्यांनी चाखले, तोंड वाकडे केले आणि पुन्हा एक पळी घातली.

"बाई, तुम्हांला तर आंबटच आवडते ना?" मी कुंपणाशी येऊन विचारले.

"हो, गुरुजी. पण थांबायचं कुठं, ते तेच सांगायचे."

त्या पेयाची चव मला ठाऊक नाही. मात्र नैवेद्य मी जन्मभर रांधला आहे. तो चाखायचा नसतो. ज्याला अर्पायचा, त्याची रुची स्मरून हात आपोआप थांबतो, अशी माझी श्रद्धा. मार्थाबाईंचा हात थांबत नव्हता. पातेल्यातला पाक तळाशी आला, तेव्हा कुंपणापलीकडून मीच हलकेच म्हणालो, "पुरे, बाई."

त्यांनी पळी खाली ठेवली आणि पदर डोळ्यांना लावला.