कादंबरी माझी, हार ह्यांना

गेल्या शुक्रवारी बीडच्या वाचनालयात माझ्या कादंबरीचा सत्कार झाला. हार मात्र ह्यांच्या गळ्यात पडला... आठ दिवस होत आले, अजून माझ्या अंगाचा तिळपापड होतोय. म्हणून लिहून काढते.

माझं वय अठ्ठावन्न. हे तहसील कचेरीत पेशकार, म्हणजे साहेबापुढं कागद मांडणारे कारकून होते, आता पेन्शन घेऊन आम्ही नांदूरघाटला राहतो. ही कादंबरी मी चार वर्षं लिहीत होते, कचेरीतून आलेल्या रद्दी कागदांवर. पुढच्या बाजूला आमच्या संस्थानचं सरकारी उर्दू, मागच्या कोऱ्या बाजूला माझी मराठी.

लिहायला म्हणून वेगळा वेळ कुणी दिला नाही. चुलीवर वरण शिजेपर्यंत दोन ओळी, म्हशीची धार काढून आले की आणखी दोन. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, त्यांनी हाक मारली की वाक्य अर्धं टाकून उठायचं... परत येईतो ते डोक्यातून गेलेलं असायचं.

नगरच्या छापखान्यात मीच ती छापून घेतली. मग हळदीकुंकवाला निघाले की पिशवीत चार प्रती, गेवराईला लेकीकडे निघाले की आणखी चार. ज्यांना वाचता येत नाही त्यांना मी एकेक प्रकरण वाचून दाखवायची. 'या वयात हे काय खूळ' हे तोंडावर ऐकलंय, त्याचं कधी वाईट वाटलं नाही.

शुक्रवारचं वाटलं.

वाचनालयाचं आमंत्रण ह्यांच्या नावानं आलं होतं, 'सहकुटुंब यावे' म्हणून. मला वाटलं, परक्या बाईला थेट पत्र कसं लिहायचं, म्हणून असेल. मांजरसुंब्याला मुक्काम करून बैलगाडीनं बीडला पोचलो, मी नवं लुगडं नेसले... आणि मला नेऊन बसवलं बांबूच्या काड्यांच्या, चिकाच्या पडद्याआड, बायकांत.

अध्यक्ष एक वयस्कर वकील होते. ते उठले आणि म्हणाले, "पेशकारसाहेबांचा विनय बघा! एवढी मोठी कादंबरी लिहिली आणि पुस्तकावर नाव घातलं कुटुंबाचं!"

टाळ्या झाल्या. मग हसत हसत म्हणतात, "नाहीतर बाईमाणसाला भाजी-भाकरीपलीकडे काय सुचणार?" पुन्हा टाळ्या.

मी थांबले. म्हटलं, आता हे सांगतील... आता सांगतील. ह्यांनी हात जोडले, मान खाली घातली आणि हार घालून घेतला.

मी बसल्या जागी पदर तोंडावर ओढला. शेजारच्या बाईनं विचारलं, "बरं वाटत न्हाई का आक्का?"

मग ह्यांना दोन शब्द बोलायला सांगितलं. हे घसा खाकरून म्हणाले, "या कादंबरीचा बोध एवढाच, की घर सोडून गेलेल्या कृष्णीला शेवटी आपली चूक उमगते आणि ती नवऱ्याच्या पायाशी परत येते."

चार वर्षं घरात लिहिली जात होती ती कादंबरी. ह्यांनी ती उघडून पाहिलेली नव्हती!

मी उठून उभी राहिले आणि पडद्याआडूनच ओरडले, "खोटं आहे! कृष्णी परत येत नाही!"

वकीलसाहेबांनी विचारलं, "कोण बोललं ते?"

"जिनं लिहिली ती बोलली. शेवटचं पान उघडून बघा."

पुढं बसलेल्या एका मास्तरांनी पुस्तक उघडलं. पानं उलटली, वाचलं आणि हळूच म्हणाले, "बाई म्हणतात ते बरोबर आहे. ती जालन्याला जाते. कापसाच्या जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात काम धरते, स्वतःची खोली घेते."

वकीलसाहेब ह्यांच्याकडे वळले. "पेशकारसाहेब?"

"मी... शेवटपर्यंत वाचलेली नाही," हे म्हणाले. तेव्हासुद्धा 'हिनं लिहिली' एवढे दोन शब्द ह्यांच्या तोंडून निघाले नाहीत. मला सगळ्यात जास्त राग त्याचा आहे.

कुणी चूक कबूल केली नाही. पानसुपारी वाटली, सभा संपली.

मी चपला शोधत होते, तेवढ्यात वाचनालयात झाडलोट करणारी बाई जवळ आली. "आक्का, मंग जालन्याला कसं केलं वो तिनं? तिथं कुनी वळखीचं बी न्हवतं ना तिच्या?"

मी सांगायला लागले. आणखी सात-आठ बायका परत फिरल्या आणि सतरंजीवर बसल्या. गडी सतरंजी गुंडाळायला आला, त्याला त्या झाडणाऱ्या बाईनं सुनावलं, "थांब बे जरा! ती आत्ता जिनाच्या दाराशी पोचलीय."

काल सकाळी हे एक प्रत घेऊन ओसरीवर बसले ते दुपारपर्यंत उठले नाहीत. मग स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"कृष्णीचा नवरा तिची वही चुलीत घालतो आणि म्हणतो, तुझ्या अक्षरांनी कुणाचं पोट भरणार आहे... हे मी म्हटलं होतं?"

"हो," मी म्हटलं. "आणि माझी वहीपण चुलीत घातली होतीत."

हातातलं पुस्तक मिटून म्हणाले, "वकीलसाहेबांना पत्र लिहितो."

"लिहा. पण पाठवायच्या आधी मी वाचणार."

पत्र लिहून झालंय. मला पसंत पडलं नाही म्हणून परत लिहायला दिलंय... राग गेलेला नाही, इतक्यात जाईल असं वाटतही नाही.

पण त्या झाडलोट करणाऱ्या बाईचे उपकार मी विसरणार नाही. परक्या गावात कृष्णीचं कसं होणार, ही काळजी अख्ख्या सभेत तिला एकटीला लागली होती.