वळणापुरता रियाज

दहावीच्या वर्गावर होते तेव्हा शिपाई दारात येऊन म्हणाले, बाई, इंदापूरहून फोन आहे, तुमचा लागत नाही म्हणून ऑफिसात केलाय. वर्गात असताना मी माझा फोन बंदच ठेवते. पलीकडून तानाजीराव बोलत होते, आमच्या ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानातले भागीदार. आधी म्हणाले, “वैनी, जरा इकडं या.” मग म्हणाले, “घाई करू नका.” हे दुसरं वाक्य ऐकलं आणि मला सगळं कळलं. आमचे हे डबा खाऊन दुकानात काउंटरला टेकून बसले होते, बसल्या बसल्याच कलंडले. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. बारामतीहून इंदापूरला जाताना पूर्ण रस्ताभर मी फळ्यावर अर्धवट राहिलेलं गणित मनात सोडवत होते. शेळगाव मागे पडलं तरी ते सुटलं नव्हतं. अशा वेळी माणूस काय करेल सांगता येत नाही…

माझ्या नवऱ्याला मी कधी नावाने हाक मारली नाही. पण इथे सगळीकडे ‘हे’ आणि ‘ह्यांनी’ लिहीत बसले तर वाचणाऱ्याचा गोंधळ होईल, म्हणून सुभाष असं लिहिते. सुभाष मूळचे कळंबचे. आजोबांपर्यंत घरात मेंढरं होती, वडिलांनी ती विकून शेती धरली, आणि सुभाषनी शेती भावाकडे सोपवून दुकान टाकलं. घरात वाद्य म्हणून कोणाच्या हाताला ढोल सोडून काही लागलं नव्हतं. तर वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी हे गृहस्थ एका संध्याकाळी मोटारसायकलच्या मागे एक लांबोडकी काळी पेटी बांधून घरी आले. इंदापूरच्या एका बँडवाल्याने डीजेपुढे टिकाव लागेना म्हणून धंदा बंद केला होता. त्याचा सॅक्सोफोन यांनी घेतला होता. मी विचारलं, आता वरातीत वाजवणार का? तर म्हणाले, “न्हाय, जॅझ शिकायचाय.” मी हसले ते थांबेचना. त्यांनी रागावायला हवं होतं खरं तर, पण तेही माझ्याबरोबर हसले.

जॅझ त्यांनी कुठे ऐकला, तर दुकानात, दुपारच्या निवांत वेळी, मोबाईलवर. त्यात मूळ चाल एकदा वाजवून झाली की तिच्याच आधाराने स्वतःचं काहीतरी तिथल्या तिथे रचायचं असतं, याचं त्यांना फार अप्रूप होतं. गोव्यातले एक वयस्क सर त्यांना फोनवर रविवारी शिकवायला तयार झाले. सरांचं म्हणणं सोपं होतं. तुम्हाला दिवसाकाठी तास मिळतो, तोही मिळाला तर. त्यात जे येतं ते वाजवू नका, ती करमणूक झाली. जिथे अडतं तिथेच बसा, तेवढाच तुकडा घ्या, तो इतका सावकाश वाजवा की चुकायला जागाच उरणार नाही, आणि कंटाळा यायच्या आत उठा. सुभाषनी एक जुनी चाल निवडली होती. तिच्या मध्यावर सूर एकदम दुसऱ्या पट्टीत जात होता आणि नेमकं तिथे यांची बोटं एकमेकांत अडकायची. मग महिनोन्‌महिने फक्त तेवढाच तुकडा. त्याला ते वळण म्हणायचे. एकदा मी वैतागून म्हटलं, अहो, बाकीची चाल काय दुसऱ्या कुणी वाजवायची? तर म्हणाले, “उसाची ट्रॉली वळणावरच उलटती. सरळ रस्त्याला कोण बी चालवतंय.”

मी गणिताची शिक्षिका. वर्गात वर्षानुवर्षं सांगत आले, की येणारी गणितं पुन्हा पुन्हा सोडवून वही भरू नका, चुकतं त्याच्यावर वेळ घालवा. हेच घरात कोणी करून दाखवत होतं तर मला ओळखता आलं नाही. याचं कारण लिहायलाही लाज वाटते. वहीतली चूक शेजाऱ्यांना ऐकू जात नाही. सॅक्सोफोनवरची जाते. आमच्या वरच्या मजल्यावर, समोरच्या बाल्कनीत, जिन्यात, सगळीकडे रोज संध्याकाळी तोच अडखळता तुकडा पोचायचा आणि मला ओशाळल्यासारखं व्हायचं. ओशाळेपणा लपवायला मी थट्टा करायची. पाहुण्यांसमोर एकदा म्हणाले, आमच्याकडे रोज संध्याकाळी एकाच गाडीला धक्का मारतात, सुरू काही होत नाही. सगळे खो खो हसले, सुभाषही हसले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी खोलीची खिडकी लावून घेतली आणि दाराच्या फटीला टॉवेल लावला. बारामतीतला एप्रिल होता. बाहेर आले की सदरा अंगाला चिकटलेला असायचा. मी बघत होते, आणि खिडकी उघडा असं काही मी म्हटलं नाही.

त्या वर्षी पुण्यातल्या हौशी वादकांच्या एका बैठकीत त्यांना वाजवायचं होतं. तिथे कोणीही नाव द्यावं, उठावं आणि वाजवावं, अशी पद्धत. सरांनी सांगितलं होतं, वळण न घाबरता घेता आलं की जा. सुभाषना तेवढं एकच हवं होतं. कॅसेट काढायची नव्हती, नाव कमवायचं नव्हतं. अनोळखी माणसांसमोर ते वळण घेऊन पलीकडे स्वतःचं दोन ओळींचं काही वाजवायचं, बस्स. आणि नेमकी तेव्हा मी त्यांना न विचारता आमच्या सोसायटीच्या गणपतीत त्यांचं नाव देऊन आले. जुनी सिनेमाची गाणी वाजवा म्हटलं, लोकांना समजेल असं काहीतरी वाजवा. रोजचा तास त्या गाण्यांत जायला लागला. गाणी छान बसली, टाळ्या पडल्या, मी पहिल्या रांगेत नवी पैठणी नेसून बसले होते. मग कोणाचा साखरपुडा, कोणाचा निवृत्तीचा कार्यक्रम, सगळ्यांना मीच हो म्हणत गेले. पुण्याच्या बैठकीचा दिवस जवळ आला तेव्हा म्हणाले, “यंदा न्हाय जात. वळण परत कच्चं झालंय.” मी पोळ्या लाटत होते. लाटता लाटता म्हटलं, त्यात काय, पुढच्या वर्षी जा… 

पुढच्या वर्षीची बैठक अजून व्हायची आहे.

आणखी एक गोष्ट कोणाला सांगितलेली नाही. तेरावं झालं, पाहुणे गेले, मुलगा पुण्याला परतला आणि त्या संध्याकाळी मी सोफ्यावर आडवी झाले. घर शांत होतं. त्या शांततेत मला बरं वाटलं. कान निवल्यासारखे वाटले, आणि मी गाढ झोपले. जाग आली तेव्हा आपल्याला कशाने बरं वाटलं होतं ते लक्षात आलं. तेव्हापासून त्यांच्या रियाजाच्या वेळेला मी मुद्दाम बाजारात जाते, भाजीच्या पिशव्या भरून आणते, एकटीला काय लागतं तरी.

त्यांचा फोन तानाजीरावांनी घड्याळ-पाकिटाबरोबर आणून दिला होता. माल पुरवणाऱ्यांचे नंबर हवे होते म्हणून परवा तो उघडला, तर आत रेकॉर्डिंगच रेकॉर्डिंग. गोव्याच्या सरांना फोन करून विचारलं. त्यांना बातमी कळली होती. मग म्हणाले, वाजवताना स्वतःची चूक कानाला कळत नाही, म्हणून रोजचा रियाज फोनमध्ये धरायचा आणि सकाळी ऐकायचा, हे मीच त्यांना सांगितलं होतं, इंदापूरला जायच्या आधी ते ऐकायचे. मी समजत होते की सकाळी कानात ते बातम्या लावून बसतात.

मी ऐकत बसले. प्रत्येक रेकॉर्डिंगमध्ये सॅक्सोफोन आहे आणि प्रत्येकात मी आहे. अहो, सिलिंडरवाला आलाय. अहो, तुमच्या वहिनींचा फोन. अहो, आता पुरे, पानं घेतलीत. माझा आवाज इतका मोठा आणि इतका कर्कश आहे हे मला माहीत नव्हतं. दर वेळी सूर मधेच तुटतो, “आलो आलो” ऐकू येतं, आणि दार उघडतं. रोज सकाळी आपल्या चुका शोधताना त्या माणसाने हे सगळं ऐकलं असणार. त्याबद्दल मला कधी एक शब्द बोलले नाहीत. भांडले असते तर आज मला जरा बरं वाटलं असतं.

शेवटच्या आठवड्यातल्या एका रेकॉर्डिंगमध्ये तो तुकडा येतो, सावकाश, आणि बोटं कुठेही अडकत नाहीत. मलाही कळलं, म्हणजे बघा. सूर वळून पलीकडे जातो आणि तिथे थोडं काहीतरी वेगळंच येतं, मी कधी न ऐकलेलं, त्यांचं स्वतःचं. मग शांतता. मग अगदी हळू, स्वतःशीच, “जमलं की.” आणि मग मोठ्याने, “अगं, हितं ये जरा. ऐक.” स्वयंपाकघरातून माझा आवाज येतो, “आले, तव्यावर पोळी आहे.”

मला हे आठवत नाही. मी पुष्कळ आठवून पाहिलं. त्या दिवशी कोणती भाजी होती, जेवताना ते गप्प होते की बोलत होते, काही म्हणता काही आठवत नाही. माझ्यासाठी ती रोजच्यासारखीच एक हाक असणार. रेकॉर्डिंग मात्र पुढे चालू आहे. पंख्याची घरघर ऐकू येते. मग तो तुकडा पुन्हा, तितकाच सरळ, आणि पुन्हा थांबणं. मी आत येईपर्यंत हाताचं सुटू नये म्हणून ते तो वाजवत राहिले असणार. वाजवतात, थांबतात, परत वाजवतात… माझी चाहूल त्या रेकॉर्डिंगमध्ये शेवटपर्यंत येत नाही.